आहेराच्या साड्यांचा दोर

पांघरुणं धुवायचा दिवस मी ठरवते आणि त्या दिवशी माझ्याशी कुणी वाद घालू नये, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दिवाळी होऊन गेलेली असते, फराळाच्या डब्यात शंकरपाळ्यांचा नुसता चुरा उरलेला असतो, आणि एका सकाळी अंगणातली फरशी पायाला झोंबते. मग समजायचं, आता कपाटावरचे गठ्ठे खाली काढायला हवेत. आमच्या चिखलीच्या थंडीचं पुण्याच्या लोकांना सांगून पटत नाही. विदर्भ म्हटलं की त्यांना ऊनच आठवतं. इथं कार्तिकात दूधवाला कानाला मफलर गुंडाळून येतो आणि हाका मारताना त्याच्या तोंडातून वाफ निघते, असं सांगितलं तर ते ‘हो का?’ म्हणतात आणि विषय बदलतात.

तो रविवार होता. अंगणाच्या कोपऱ्यात तीन विटांची चूल आहे, तिच्यात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या घालून मी पाण्याचं पातेलं चढवलं. गीझर आहे, पण तो दोन बादल्यांनंतर हात वर करतो, आणि मला तर घरातली सगळी ब्लँकेटं, सोलापुरी चादरी आणि खोळी भिजवायच्या होत्या. माझे मालक, म्हणजे नवरा, गच्चीवर होते. आमच्या यांना जुने रेडिओ दुरुस्त करायचा नाद आहे. दुरुस्त होतो एखादाच. बाकीचे नुसते उघडे पडतात आणि माझ्या कपाटाखाली राहायला येतात. रविवारी ऊन वर आलं की हे गच्चीत चटई टाकून बसतात, एखाद्या रेडिओचं पोट फाडतात, आणि मधूनच त्यातून कुठल्यातरी न कळणाऱ्या भाषेतल्या बातम्या खरखरत बाहेर आल्या की स्वारी खूश. मी नावं ठेवते खरी, पण माझीही जिन्यावर शेवंतीच्या कुंड्यांची रांग आहे आणि तिच्यापायी कुणाला जिन्यात नीट पाय ठेवता येत नाही. तेव्हा आमचं जमतं.

घरात तिसरे होते मामाजी, म्हणजे माझे सासरे. त्यांचं आणि आमचं त्या दिवसांत एक न बोललेलं प्रकरण चाललं होतं, ते आधी सांगायला हवं.

मामाजी उंद्रीच्या बाजूला, आमच्या गावी राहतात. सासूबाई गेल्यापासून एकटेच. शेत बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, दिलेलं, बैल विकलेले. आदल्या हिवाळ्यात ते घरात तापानं पडून राहिले आणि कुणाला पत्ता नाही. शेजारच्या काकूंना ओट्यावरचा केर तसाच दिसला, म्हणून त्यांनी दार ढकललं. छातीत कफ भरलेला, न्यूमोनिया झालेला. दवाखान्यात त्यांना खाटेवर बघितलं ना, तेव्हा मी मनाशी ठरवलं की पुढचा हिवाळा हा माणूस एकटा काढणार नाही. म्हणून यंदा नवरात्रात आम्ही त्यांना इथं घेऊन आलो. येताना ते एवढंच म्हणाले होते, “दिवाळी झाली का जातो मी.” दिवाळी झाली. भाऊबीज झाली. ते काही बोलले नाहीत, आम्हीही विषय काढला नाही. मी तर तो विषय जवळ येतोय असं वाटलं की भांडी आपटायला लागायची. त्यांचं गप्प राहणं मी माझ्या बाजूनं धरलं होतं. राहतील, थंडी तरी काढतील. एवढंच मला हवं होतं.

तर ब्लँकेटं. पहिलं ओलं ब्लँकेट मी दोरीवर टाकलं आणि दोरी तुटली. नायलॉनची होती, उन्हानं कुजलेली. ब्लँकेट धप्पकन मातीत. मी जे काही बोलले ते गच्चीवर ऐकू गेलं असावं, कारण रेडिओचा आवाज लगेच बारीक झाला. खाली मात्र कुणी उतरलं नाही. मी वाकायच्या आत मामाजी येऊन ब्लँकेटाचं एक टोक धरून उभे होते. आम्ही दोघांनी ते पुन्हा खळबळून काढलं, पिळलं, आणि कंपाउंडच्या भिंतीवर पसरलं. बाकीचीही तशीच भिंतीवर गेली. मग ते जरा घुटमळले.

“बाई, जुनी लुगडी हायत का तुह्यापाशी?” ते म्हणाले. “सुती नोको. सुती कुजते. थ्या गुळगुळीत साड्या राह्यतात ना, तशा.”

“काऊन? दोर वळता का?”

“हाव.”

मला इतकं बरं वाटलं! माणूस घरातली दोरी तुटलेली बघतो आणि नवी वळायला बसतो, म्हणजे तो इथं रमला, असाच त्याचा अर्थ. मी म्हटलं, “बरं झालं मामाजी, पायजेच होता.” त्यांनी नुसतं ‘हूं’ केलं.

गुळगुळीत साड्यांची आमच्याकडे काय कमी! लोखंडी कपाटाचा खालचा खण आहेराच्या साड्यांनी गच्च भरलेला आहे. ज्यांच्या घरी लग्न झालं त्यांना हे सांगायला नको. आहेराची साडी नेसायची नसते, ती पुढच्या लग्नात द्यायची असते. नणंदेनं दिलेली साडी मी चुलत जावेला देते, ती तिच्या विहिणीला, आणि कधीतरी फिरत फिरत तीच साडी, त्याच पिशवीत, माझ्याकडे परत येते. एका जांभळ्या साडीला तर मी चांगली ओळखते. तिच्या पदरावर सोनेरी पोपट आहेत. ती मी दोनदा घराबाहेर काढली आणि दोन्हीदा ती परत आली. त्या दिवशी तिच्यापासूनच सुरुवात केली. मामाजींनी तिचा काठ दातात धरून एक फाडा दिला आणि सर्रकन ती उभी चिरत गेली. मन अगदी गार झालं. मग मी दुसरी आणली, हिरवी, मामेसासूची. मग गुलाबी, टिकल्या लावलेली. “टिकल्या हाताले लागतीन,” म्हणून तिला त्यांनी बाजूला सारलं. पोपट, हिरवी आणि एक पिवळी, अशा तीन साड्यांच्या लांब पट्ट्या अंगणात पडल्या.

आधी ते एकटेच लागले. पट्ट्यांची टोकं खिडकीच्या गजाला बांधली आणि दुसरीकडून एकेका पट्टीला पीळ द्यायला लागले. तेवढं झालं. पण तीन पेड एकत्र करायची वेळ आली तसं त्यांचं अडायला लागलं. एक धरावं तर दुसरं सुटायचं. मी वांगी भाजायला चुलीतले निखारे पुढं ओढत होते, तिथून बघत होते. गावाकडे हे दुसरं टोक सासूबाई धरायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा कितीदा बघितलं होतं, ओट्यावर एका टोकाला हे, एका टोकाला त्या, आणि दोघांचं जोरजोरात भांडण चाललेलं.

मी हात पदराला पुसले आणि गेले. “द्या मामाजी, मी धरते.”

“तुले नाही जमनार.”

“सांगा तर खरं.”

काम सांगायला सोपं आहे. प्रत्येक पेडाला उजवीकडं पीळ दिलेला असतो, आता तिन्ही मिळून डावीकडं फिरवायचे. फिरवणारा एका टोकाला, ताण धरणारा दुसऱ्या टोकाला. पीळ बसत जातो तसा दोर आखडत जातो, म्हणून ताण धरणाऱ्यानं हळूहळू पुढं सरकायचं, पण ताण सोडायचा नाही. सोडला की सगळा दोर जागच्या जागी गाठी मारून बसतो. मी पहिल्यांदाच सोडला.

“अवो, ढिलं काऊन सोडलं!” मामाजी ओरडले.

मी दचकले. गच्चीवरचा रेडिओ बंद झाला.

“पाह्य, गुतला ना सारा! हात कुठी, ध्यान कुठी! म्हशीचं शेपूट धरल्यावानी काय धरते? मुठीत धर, मुठीत.”

त्यांनी गुंता सोडवला, टोक पुन्हा माझ्या हातात दिलं, आणि आम्ही नव्यानं सुरुवात केली. मी मुठीत धरलं. ते फिरवत होते आणि तोंड चालूच होतं. “मोर ये. अजून. आता थांब. थांब म्हनलं का थांबायचं. मांग नोको जाऊ व माय!” मी चुकत होते आणि ते मला झापत होते. मला राग यायला हवा होता. माझ्या रागाची ख्याती आहे, माहेरी विचारा कुणालाही. पण मला हसू येत होतं. लग्न झाल्यापासून या माणसानं मला बोल लावला नव्हता असं नाही. गावाकडे असताना ते मला भाजीत तेल जास्त पडलं म्हणून बोलायचे, दार उघडं टाकलं म्हणून बोलायचे. इथं आल्यापासूनच काय ते बंद झालं होतं.

खरं म्हणजे तो पीळ बसत असताना, हाताला पोपटांची जरी टोचत असताना, मला एकेक गोष्ट दिसायला लागली. इथं आल्यापासून मामाजी खुर्चीच्या कडेवर बसतात. टीव्हीवर काय लागावं हे कधी सांगत नाहीत, जे लागलं असेल ते बघतात. आम्ही उठायच्या आत त्यांचं अंथरूण गुंडाळून भिंतीशी लावलेलं असतं. चहा झाला की कप स्वतः विसळतात. माठातलं पाणी घेतानाही विचारतात, “पानी घेऊ का, बाई?” शेजारीण म्हणायची, तुझे सासरे घरात आहेत की नाहीत तेच कळत नाही. आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगायची, आमच्या मामाजींचा अजिबात त्रास नाही बाई. तेव्हा ते मला कौतुकाचं वाटायचं. त्या दिवशी दोराच्या टोकाला उभं राहून वाटलं, ज्याचा घरात कुणाला काहीच त्रास नाही, तो त्या घरात राहतो तरी का? पाहुणाच असा वागतो. पण मी स्वतःला समजावलं की आता ओरडताहेत ना, म्हणजे आता घर आपलं वाटायला लागलं. लागेल हळूहळू.

वांगी जळायला लागली, त्याचा वास आला तेव्हा आम्ही थांबलो. एक वांगं तर कोळसाच झालं होतं. हे गच्चीवरून खाली आले, अंगणात पसरलेल्या साड्यांच्या चिंध्या बघितल्या, माझ्याकडे बघितलं, आणि शहाण्यासारखे गप्प राहिले. जेवण अंगणातच झालं, उन्हात पाठ देऊन. ज्वारीची भाकरी, भरीत, पातीचा कांदा. मामाजी भरभर जेवले. एरवी ते चिवडत बसतात. हात धुतला की लगेच दोराकडे गेले आणि तिथून मला हाक मारली, “आटप व!” भांडी तशीच टाकून मी गेले.

उन्हं कलली तेव्हा दोर झाला. मनगटापेक्षा बारीक, पण असा घट्ट की नख रुतू नये. हिरवा, पिवळा, जांभळा, आणि मध्येच कुठं सोनेरी पोपटाची चोच चमकायची. मामाजींनी तो खांबाला गुंडाळून दोन्हीकडून खूप वेळ घासला, मऊ पडावा म्हणून. मग मेणबत्ती मागितली आणि टोकं ज्योतीवर धरली. साडी वितळली, टोक टणक झालं. जळक्या प्लास्टिकचा घाण वास सुटला. त्यांनी तो दोर दोन्ही हातांत ताणून बघितला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नवरात्रापासून एकदाही बघितलं नव्हतं.

मी स्टूल आणला. “द्या, बांधून टाकते. तेवढ्यात ब्लँकेटं पलटवून टाकू.”

त्यांनी दोर दिला नाही. हातातच धरून राहिले.

“हा कपड्याले नाही, बाई,” ते म्हणाले. “तुह्यासाठी उद्या दुसरा वळतो. थ्या टिकलीवालीच्या टिकल्या खुडून घे, थेबी लागन.”

“मंग हा कायले?”

“वयकटी बांधाले.”

वळकटी. त्यांचं अंथरूण. त्यांची वाकळ, त्यांची उशी, गावाहून बांधून आणलेली.

“येतानीचा दोर यानं पान्याच्या टाकीले बांधून टाकला,” त्यांनी जिन्याशी उभ्या असलेल्या मुलाकडं बोट केलं. “मले म्हून नवा वळा लागला. मी तुले सांगीनच म्हनत होतो.”

मी स्टुलावर बसले. दिवसभर मी ज्याचं टोक मुठीत धरलं होतं, पुढं सरकत, थांबत, शिव्या खात, तो दोर मामाजींच्या जाण्याचा होता. मला एकदम इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, “काऊन जाता? मी काय कमी केलं?”

“काईच नाही कमी केलं.”

“मंग?”

हे मध्ये पडले. “बाबा, थंडी काढा न. होळी झाली का मी सोता सोडून देतो तुमाले. मागच्या साली काय झालं होतं, ध्यानात हाय ना?”

“हाय,” मामाजी म्हणाले. ते खाली बसले, दोर मांडीवर. “हरभरा पेरला हाय. बटईवाला एकटाच मानूस. लाइन रातची असली तं थो जातो, दिसाची असली तं मोटर मी चालू करतो. चालू करा, बंद करा, बांधावर बसा. सांजीले देवळात चार मानसं येतेत. त्याहिच्यासंग भांडतो.” मग जरासं हसले. “इथी मी कोनासंग भांडू?”

“मले भेव वाटते, मामाजी,” मी म्हटलं. सरळच म्हटलं. त्यांच्या वयाच्या माणसाला असं तोंडावर म्हणू नये, पण माझ्याच्यानं राहवलं नाही. “तिथं तुमी पडले तं?”

“भेव मलेबी वाटते,” ते म्हणाले. “इथीबी वाटते. पन तिथी दिवस कामानं भरते.”

हे परत ‘थंडी काढा’ म्हणून सुरू झाले. छातीचा डॉक्टर काय म्हणाला होता, एसटीत किती गारठा असतो, सगळं सांगायला लागले. सगळं खरंच होतं. मीच आठवडाभर यांच्या कानाशी ते घोकत होते. पण मला त्या वेळी दुपारचा मामाजींचा आवाज ऐकू येत होता, अंगणभर घुमणारा, ‘ढिलं काऊन सोडलं’ म्हणणारा. तो आवाज माझ्या घरात आला होता तो फक्त जायच्या तयारीपुरता. मला फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी मला काय करायचं ते कळलं.

“जाऊ द्या त्याहिले,” मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघत राहिले. “तूच तं...”

“हाव, मीच. जाऊ द्या.”

मग मी मामाजींना अटी घातल्या. ओसरीत झोपायचं नाही, आतल्या खोलीत चुलीपाशी झोपायचं. एक किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवायची. रोज सकाळी फोन करायचा, आणि फोन आला नाही तर मी पहिली एसटी धरून येईन आणि सगळ्या गावादेखत भांडेन. ते प्रत्येक अटीला ‘हाव, हाव’ म्हणत होते. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघत, त्या नेहमीच्या हलक्या आवाजात म्हणाले, “बुधवारी जाऊ का, बाई? चालन का तुले?”

“मले इचारू नका,” मी म्हटलं. आवाज चढलाच. “तुमी मोठे हा. इचारता काय? सांगा.”

भिंतीवरची ब्लँकेटं अजून दमटच होती. मांडीवरचा दोर मामाजींनी गुंडाळला, नीट वेटोळं करून बाजूला ठेवला.

“बुधवारी जातो,” ते म्हणाले. “पहिल्या गाडीनं. चार भाकरी बांधून देजो.” आणि मग, जणू आता बोलतोच आहोत तर हेही, “आन् तुह्या चहात साखर लय राह्यते. आलो तवापासून सांगीन म्हनत होतो. जीभ चिकटते.”

नवरात्रापासून! सकाळ, संध्याकाळ, कधी तिसऱ्या प्रहरी पाहुणे आले की तेव्हाही. एवढे सगळे कप त्यांनी हसतमुखानं पिऊन, विसळून ठेवले होते. मला हसावं की रडावं कळेना. मी आत गेले, आधण ठेवलं, साखर निम्मी घातली आणि कप त्यांच्या हातात नेऊन दिला. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि कप माझ्याकडे परत केला.

“अजून कमी,” ते म्हणाले. “दुसरा कर.”

मी दुसरा केला. बुधवारपर्यंत दोनच दिवस उरले होते, आणि आता कुठं माझे सासरे माझ्या घरी राहायला आले होते.